थंडी सांभाळणारा शास्त्रज्ञ : सर जेम्स ड्यूअर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात गाय किंवा म्हैस माजावर आली, की कृत्रिम रेतन करणाऱ्याला निरोप जातो. थोड्या वेळात मोटारसायकलला ॲल्युमिनियमचा कंटेनर बांधून तो गोठ्यापाशी हजर होतो. कंटेनरचे झाकण काढले की पांढरे धुके बाहेर येते आणि त्यातून तो चिमट्याने एक बारीक कांडी उचलतो. कंटेनरमध्ये असतो द्रवरूप नायट्रोजन. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. बाहेर मे महिन्याचे ऊन तापलेले असले तरी आतला नायट्रोजन कित्येक दिवस टिकतो. त्यासाठी वीज लागत नाही, बर्फही लागत नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत अशीच एक वस्तू सगळ्यांच्या तोंडी होती. रुग्णालयांच्या आवारात उभ्या असलेल्या उंच पांढऱ्या टाक्या आणि ज्यांची रात्रंदिवस वाट पाहिली गेली ते टँकर. त्यांत उणे १८३ अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन होता. गोठ्यातला कंटेनर, रुग्णालयातली टाकी आणि घरातला चहाचा थर्मास दिसायला अगदी वेगवेगळे आहेत, पण तिघांची युक्ती एकच आहे. ती १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर जेम्स ड्यूअर यांनी शोधली. प्रयोगशाळांत आजही अशा भांड्याला ‘ड्यूअर’च म्हणतात. स्वतः ड्यूअर यांना मात्र भांडी करायची नव्हती. त्यांना थंडीचा तळ गाठायचा होता.

तळ्यावरचा बर्फ

जेम्स ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधल्या किनकार्डिन या छोट्या गावी झाला. वडील खानावळ आणि मद्याचा व्यवसाय करत. दहा वर्षांचा असताना जेम्स गोठलेल्या तळ्यावर खेळायला गेला. बर्फ फुटला आणि तो गार पाण्यात पडला. त्यानंतर त्याला संधिज्वराने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवरने गाठले आणि जवळपास दोन वर्षे शाळा सुटली.

त्या काळी हा आजार गारठ्याने होतो असे मानत. आज त्याचे कारण माहीत आहे. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा बिघडतो आणि त्या जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. आपल्याकडे अजूनही तरुण वयात हृदयाची झडप खराब होण्यामागे हाच आजार अनेकदा असतो. शाळकरी मुलाचा घसा दुखून ताप आला, काही आठवड्यांनी एकामागून एक सांधे सुजू लागले, तर ते अंगावर काढू नये. पेनिसिलिन तेव्हा नव्हते. जेम्ससाठी उपाय एकच होता, पडून राहणे.

या रिकाम्या दिवसांत तो गावच्या सुताराकडे बसू लागला. सुताराने त्याला व्हायोलिन तयार करायला शिकवले. लाकूड पातळ तासणे, वाफेने वाकवणे, सांधा असा बसवणे की केसाएवढीही फट राहू नये. पुढे ज्या हातांनी काचेची आणि धातूची अवघड उपकरणे उभी केली, ते हात या सुतारकामात तयार झाले होते, असे ड्यूअर स्वतःही मानत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. थोरल्या भावांच्या आधाराने तो डॉलर गावच्या शाळेत आणि तिथून एडिंबरो विद्यापीठात गेला.

तिथे रसायनशास्त्राने त्यांना ओढून घेतले. १८६७ मध्ये त्यांनी बेंझिनच्या रेणूच्या संभाव्य रचना मांडल्या. त्यांतली एक आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. वैद्यकशास्त्राशीही त्यांचा जवळचा संबंध आला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन मॅकेंड्रिक यांच्यासोबत त्यांनी डोळ्यावर प्रकाश पडला की पडद्यात, म्हणजे रेटिनात, विजेचा सूक्ष्म फरक कसा होतो हे मोजले. १८७७ मध्ये त्यांनी माणसाच्या जिवंत डोळ्यावर हे मोजमाप करून दाखवले. आज नेत्ररोगतज्ज्ञ रेटिनाचे आजार ओळखण्यासाठी इलेक्ट्रोरेटिनोग्राम ही तपासणी करतात. तिच्या इतिहासात हे पहिले मानवी मोजमाप म्हणून नोंदले जाते.

१८७५ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठात आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापकपद मिळाले. दोन्ही पदे त्यांनी मरेपर्यंत सोडली नाहीत, पण मन रमले ते लंडनमध्ये. याच इमारतीत मायकेल फॅरडे यांनी क्लोरीनसारखे वायू दाबून त्यांचे द्रव केले होते. ड्यूअर यांनी तिथूनच धागा पुढे नेला.

थंडीला तळ असतो

उष्णतेला वरची मर्यादा जाणवत नाही. चुलीतला जाळ काही शे अंशांचा, वितळलेले लोखंड दीड हजार अंशांचे, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याचा गाभा दीड कोटी अंशांचा. थंडीचे तसे नाही. तिला तळ आहे आणि तो फार खाली नाही.

हा तळ आधी प्रयोगातून नव्हे, हिशेबातून सापडला. शून्य अंशाचा वायू एकेक अंशाने थंड केला, तर दर अंशाला त्याचा दाब मूळ दाबाच्या २७३ व्या भागाने कमी होतो. असेच चालत राहिले तर उणे २७३ अंशांना दाब शून्य व्हायला हवा. दाब म्हणजे भांड्याच्या भिंतींवर रेणूंनी दिलेल्या धडका. त्या थांबल्या, तर आणखी थंड होण्यासाठी रेणूंपाशी काही उरतच नाही. १८४८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाने, या तळापासून मोजायला सुरुवात होणारी तापमानाची पट्टी सुचवली. आज हा तळ उणे २७३.१५ अंश सेल्सियस धरतात. त्यालाच निरपेक्ष शून्य किंवा शून्य केल्विन म्हणतात. या पट्टीवर बर्फ वितळतो २७३ केल्विनला आणि निरोगी माणसाचे शरीर असते सुमारे ३१० केल्विनला.

कागदावर हिशेब सोपा होता. प्रत्यक्षात त्या दिशेने जायचे तर एकेक वायू द्रवरूप करत पायरी पायरीने उतरायचे. एका वायूचा द्रव उकळताना जी थंडी निर्माण होते, तिचा उपयोग पुढच्या वायूला थंड करायला करायचा. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन हे वायू मात्र कितीही दाबले तरी द्रव होत नव्हते. शास्त्रज्ञांनी त्यांचे नावच ‘कायम वायू’ ठेवले होते.

डिसेंबर १८७७ मध्ये फ्रान्सचे कायते आणि जिनिव्हाचे पिक्ते यांना काही दिवसांच्या फरकाने ऑक्सिजनचे क्षणभर टिकणारे धुके दिसले. १८८३ मध्ये पोलंडमधल्या क्रॅको इथे व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या दोघांनी ऑक्सिजन आणि पाठोपाठ नायट्रोजन भांड्यात दिसेल असा द्रवरूप केला. ड्यूअर यांनी त्यांची पद्धत उचलली, उपकरण मोठे केले आणि १८८४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात लोकांसमोर द्रवरूप ऑक्सिजन करून दाखवला. हा द्रव फिक्या निळ्या रंगाचा असतो. १८९१ मध्ये त्यांच्या लक्षात आले की लोहचुंबक जवळ आणला, की हा निळा द्रव उडी मारून चुंबकाला चिकटतो.

हे काम जिवावर बेतणारे होते. दाबाखालच्या नळ्या फुटत. त्यांचे सहायक रॉबर्ट लेनॉक्स आणि हीथ या दोघांनीही प्रयोगशाळेतल्या स्फोटांत एकेक डोळा गमावला. तिकडे क्रॅकोत व्रोब्लेव्स्की यांच्या टेबलावरचा रॉकेलचा दिवा उलटला आणि १८८८ मध्ये ते भाजून मरण पावले. पाठ्यपुस्तकात उणे १८३ हा एक आकडा असतो. तो मिळवताना कुणाकुणाला काय द्यावे लागले, ते तिथे छापलेले नसते.

दोन भिंती, मधे काहीच नाही

द्रवरूप वायू मिळाला तरी पुढची अडचण कायम होती. साध्या भांड्यात तो ओतला, की तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा उडून जाई. खोलीतली हवा त्याच्या दृष्टीने भट्टीच होती. शिवाय बाहेरच्या बाफाचा बर्फ काचेवर जमून आतले काही दिसत नसे.

वीस वर्षांपूर्वी एडिंबरोमध्ये उष्णता मोजताना ड्यूअर यांनी दुहेरी भिंतीचे आणि मधली हवा काढून घेतलेले धातूचे भांडे वापरले होते. १८९२ मध्ये त्यांनी तीच कल्पना काचेत उतरवली. उष्णता तीन वाटांनी आत शिरते. एक वाट स्पर्शाची, जशी पातेल्यात ठेवलेल्या डावाच्या दांड्यातून ती हाताला लागते. दुसरी हवेच्या वाहण्याची. तिसरी किरणांची, ज्या वाटेने सूर्याची ऊब येते. दोन भिंतींमधली हवा काढून घेतली की पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात, कारण उष्णता पुढे न्यायला तिथे कुणी उरत नाही. आतून चांदीचा पातळ मुलामा दिला की किरणे आरशावरून परतावीत तशी परत फिरतात. मग उरतो तो फक्त भांड्याचा गळा. म्हणूनच या कंटेनरचा गळा अरुंद असतो.

पुढे १९०५ च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. खूप थंड केलेला कोळसा उरलासुरला वायू शोषून घेतो आणि निर्वात पोकळी आणखी चांगली होते. काचेऐवजी धातूचे मजबूत भांडे करणे यामुळे शक्य झाले. गावोगाव मोटारसायकलवर आदळत फिरणारा ॲल्युमिनियमचा कंटेनर याच सुधारणेचा वारस आहे.

ड्यूअर यांनी या भांड्याचे पेटंट घेतले नाही. पेटंट म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हते असे मुळीच नाही. १८८९ मध्ये सर फ्रेडरिक एबल यांच्यासोबत त्यांनी कॉर्डाइट ही धूर न होणारी स्फोटक दारू तयार केली होती. त्या पेटंटवरून खुद्द आल्फ्रेड नोबेल यांच्याशी न्यायालयात मोठा झगडा झाला आणि त्यात नोबेल हरले होते. पण निर्वात भांडे ड्यूअर यांना प्रयोगाचे साधन वाटले, बाजाराची वस्तू नव्हे. जर्मनीतले काच कारागीर राइनहोल्ड बर्गर यांना यात घरोघरी खपणारी वस्तू दिसली. १९०३ मध्ये त्यांनी पेटंट घेतले आणि १९०४ पासून ‘थर्मास’ या नावाने ती बाजारात आली. ड्यूअर यांनी दाद मागितली, पण हातात पेटंटचा कागद नव्हता. थर्मास जगभर खपला. त्यातून ड्यूअर यांना एक पैसाही मिळाला नाही.

फसलेला तापमापक

पुढची पायरी होती हायड्रोजन. दाबलेला वायू बारीक छिद्रातून एकदम बाहेर सोडला की बहुतेक वायू थंड होतात. हायड्रोजन मात्र नेहमीच्या तापमानाला असा सोडला तर उलट थोडा गरम होतो. म्हणून आधी त्याला खूप थंड करावे लागते. ड्यूअर यांनी तो द्रवरूप हवेच्या मदतीने उणे २०५ अंशांपर्यंत नेला, वातावरणाच्या १८० पट दाबाखाली ठेवला आणि मग छिद्रातून सोडला. १० मे १८९८ रोजी त्यांच्या चांदीच्या मुलाम्याच्या भांड्यात सुमारे २० घनसेंटिमीटर द्रवरूप हायड्रोजन जमा झाला. जगात प्रथमच. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी त्यात बुडवली, तर नळीतली हवा गोठून घट्ट झाली.

आता प्रश्न उभा राहिला की हा द्रव नेमका किती थंड आहे. पारा उणे ३९ अंशांना आणि अल्कोहोल उणे ११४ अंशांना गोठते, त्यामुळे नेहमीच्या तापमापकांचा इथे उपयोग नव्हता. ड्यूअर यांनी प्लॅटिनमची तार वापरली. तार थंड होत जाते तसा तिचा विजेला होणारा रोध कमी होत जातो. रोध मोजला की तापमान कळते. तारेने सांगितलेले उत्तर होते सुमारे उणे २३८ अंश. ड्यूअर यांना ते पटले नाही. प्लॅटिनमचा रोध एका सरळ रेषेत कमी होत जातो असे धरले होते, पण इतक्या खोलवर ती रेषा वाकते, रोध पूर्वीच्या वेगाने उतरत नाही आणि तार चुकीचे आकडे देऊ लागते. मग त्यांनी वायूचा तापमापक घेतला. त्यात वायूचा दाब मोजून तापमान काढतात. या खेपेला उत्तर आले सुमारे उणे २५२ अंश. आज हायड्रोजनचा उत्कलनबिंदू उणे २५३ अंशांच्या आसपास मानला जातो.

चौदा अंशांचा हा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण तळापासून मोजले तर तो ३५ केल्विन की २१ केल्विन असा आहे. म्हणजे निरपेक्ष शून्यापासूनचे अंतर जवळपास निम्म्यावर येते. रक्तातली साखर मोजणारे यंत्र नेहमीच्या आकड्यांना बरोबर असले आणि अगदी कमी साखरेला चुकत असले, तर जिथे जिवाचा प्रश्न आहे नेमकी तिथेच ते दगा देते. मोजण्याचे साधन जिथे तपासून घेतलेले नाही, तिथे त्याच्यावर विसंबायचे नसते. एकाच गोष्टीसाठी दोन वेगळ्या तत्त्वांची मापे घ्यायची, हा ड्यूअर यांचा शिरस्ता आजही प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत पाळला जातो. पुढच्याच वर्षी त्यांनी हायड्रोजन गोठवला आणि सुमारे १३ केल्विनपर्यंत मजल मारली.

गोठलेले, पण मेलेले नाही

ही थंडी हाती येताच डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ड्यूअर यांच्या दारात आले. १८९९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ थिसेल्टन-डायर यांनी पुरवलेले गहू, जव, वाटाणा आणि मोहरी यांसारखे बियाणे ड्यूअर यांनी काही तास द्रवरूप हायड्रोजनमध्ये बुडवून ठेवले. नंतर पेरले तर ते उगवले. जंतुशास्त्रज्ञ ॲलन मॅकफॅडियन यांनी रोगजंतू आधी द्रवरूप हवेत आणि मग द्रवरूप हायड्रोजनमध्ये ठेवले. बाहेर काढून ऊब दिली तर ते पुन्हा वाढू लागले. थंडीने जंतू मरतातच हा समज त्याने मोडला. थंडी त्यांचे जगणे थांबवते, संपवत नाही. फ्रीजमधले शिळे अन्न नीट गरम करून खायला सांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

१८९९ मध्येच न्यूयॉर्कमध्ये कॅम्बेल व्हाइट या डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने द्रवरूप हवा लावून चामखिळीसारख्या त्वचेच्या तक्रारींवर उपचार सुरू केले. आज त्वचारोगतज्ज्ञ द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, ते त्याच उपचाराचे पुढचे रूप आहे. प्राण्यांच्या पेशी मात्र बियाण्याइतक्या चिवट नसतात. त्यांच्यातले पाणी गोठून बर्फाचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशी फुटते. १९४९ मध्ये इंग्लंडच्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरीन घातले तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात हे दाखवले आणि ही अडचण सुटली. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला बाएफ संस्थेने गोठवलेल्या रेतमात्रांचे काम उभे केले आणि महाराष्ट्राच्या गोठ्यांत संकरित गाई आल्या. वंध्यत्व उपचार केंद्रांत ठेवलेले भ्रूण आणि रक्तपेढ्यांतल्या मूलपेशी याच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, याच निर्वात भांड्यांत वाट पाहत असतात.

विजयदुर्गाचा वायू

हायड्रोजननंतर उरला एकच वायू, हेलियम. त्याचे नाव आपल्याला जवळचे आहे. कोल्हापूरकर घाट उतरून ज्या विजयदुर्गाला जातात, तिथले ‘साहेबाचे ओटे’ हेलियमच्या शोधाची जागा म्हणून दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आंध्रातल्या गुंटूर इथून फ्रान्सचे जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधूनच सूर्याच्या प्रकाशातली एक अनोळखी पिवळी रेषा टिपली. पुढे तिच्या मालकाला हेलियम हे नाव मिळाले. लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण पाहायला. त्यानंतर चारच महिन्यांनी लंडनमध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला आणि ते हेलियमच्या मागे लागले.

पृथ्वीवर हेलियम प्रथम मिळवला तो १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी. निष्क्रिय वायू ओळखण्यात आणि शुद्ध करण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. त्यांची प्रयोगशाळा ड्यूअर यांच्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत होती. एकाकडे हेलियम होता, दुसऱ्याकडे तो गोठवण्याची ताकद. दोघे एकत्र आले असते तर शर्यत लंडनमध्येच संपली असती. पण दोघांचे बोलणे नव्हते.

याला ड्यूअर यांचा स्वभाव बराच कारणीभूत होता. ते तापट होते आणि श्रेय वाटून घेणे त्यांना जमत नसे. क्रॅकोच्या ओल्शेव्स्की यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. विल्यम हॅम्पसन या गृहस्थांनी हवा द्रवरूप करण्याची एक सोपी पद्धत १८९५ मध्ये शोधली आणि ड्यूअर यांनी आपली कल्पना वापरल्याचा दावा केला. ड्यूअर यांनी तो साफ नाकारला. हॅम्पसन दुखावले आणि त्यांनी आपली द्रवरूप हवा रॅम्झी यांना द्यायला सुरुवात केली. तिच्याच बळावर रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे तीन नवे वायू शोधले. रॅम्झीही काही साधे नव्हते. ड्यूअर यांनी हायड्रोजनची घोषणा केली, तेव्हा ओल्शेव्स्की यांनी हे आधीच केले आहे असे त्यांनी भर सभेत सांगितले आणि पुढे ओल्शेव्स्की यांच्याच पत्राने ते खोटे ठरल्याचे त्यांना कबूल करावे लागले.

ड्यूअर यांना हेलियम मिळत होता तो इंग्लंडमधल्या बाथ गावच्या गरम झऱ्यांतून निघणाऱ्या वायूतून. त्यात निऑन मिसळलेला असे. थंडी वाढली की निऑन आधी गोठून नळ्या तुंबवायचा आणि प्रयोग तिथेच थांबायचा. निऑन वेगळा काढण्याची हातोटी ज्यांच्याकडे होती, त्यांच्याकडे जाणे ड्यूअर यांना शक्य नव्हते.

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात हाइके कामर्लिंग ऑनेस यांचा रस्ता वेगळा होता. त्यांनी उपकरणे तयार करणाऱ्या कारागिरांची शाळाच काढली, आपल्या यंत्रांचे तपशील छापून जगाला वाटले आणि पाहुण्या शास्त्रज्ञांसाठी दार उघडे ठेवले. व्यापार खात्यात असलेल्या भावाच्या मदतीने त्यांनी मोनाझाइटची वाळू मागवली आणि तिच्यातून भरपूर शुद्ध हेलियम काढला. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून प्रयोग सुरू झाला. संध्याकाळी तापमापकाचा आकडा एका जागी अडला, काही केल्या हलेना. सगळे निराश झाले. पाहायला आलेल्या एका प्राध्यापकाने सुचवले, की तापमापक कदाचित द्रवात बुडालेला असेल. खालून उजेड टाकला तेव्हा द्रवाचा काठ स्पष्ट दिसला. सुमारे ६० घनसेंटिमीटर द्रवरूप हेलियम, तापमान ४ केल्विनच्या आसपास. तो ज्या भांड्यात होता त्याभोवती द्रवरूप हायड्रोजनचे भांडे आणि त्याभोवती द्रवरूप हवेचे भांडे होते. ड्यूअर यांच्या निर्वात भांड्यांशिवाय ही रचना उभीच राहिली नसती.

ड्यूअर यांनी अभिनंदन कळवले. पण ही हार त्यांना लागली. वर्षानुवर्षे साथ देणाऱ्या लेनॉक्स यांच्याशीही त्यांचे बिनसले. ते निघून गेले आणि ड्यूअर हयात असेतो त्यांनी त्या इमारतीत पाऊल टाकले नाही. तीन वर्षांनी ऑनेस यांना दिसले की ४.२ केल्विनला पाऱ्याचा विजेला होणारा रोध एकदम नाहीसा होतो. तापमानाबरोबर धातूंचा रोध कसा घटतो हा प्रश्न ड्यूअर आणि जॉन फ्लेमिंग यांनीच १८९० च्या दशकात हाती घेतला होता. उत्तर लायडनला मिळाले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक ऑनेस यांना मिळाले. ड्यूअर यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण त्यांना ते कधीच मिळाले नाही.

रोध नाहीसा होण्याच्या याच गुणावर आज एमआरआय यंत्र चालते. त्यातल्या चुंबकाची तार द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असते आणि तो हेलियम पुन्हा एका मोठ्या ड्यूअर भांड्यातच असतो. भारताला हेलियम बहुतांशी बाहेरून आणावा लागतो. त्यामुळे त्याचा तुटवडा आणि दर यांची झळ रुग्णालयांना बसते.

साबणाचे फुगे आणि जुने व्हायोलिन

१९०४ मध्ये ड्यूअर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मानाची पदकेही मिळाली. पहिल्या महायुद्धात माणसे आणि पैसा दोन्ही आटले आणि थंडीचे खर्चिक प्रयोग थांबले. सत्तरी ओलांडलेल्या ड्यूअर यांनी मग साबणाच्या फुग्यांचा अभ्यास घेतला. धूळ आणि धक्का यांपासून जपून त्यांनी मोठमोठे फुगे महिनोन्महिने टिकवून दाखवले.

१९२१ मध्ये त्यांच्या आणि हेलन यांच्या लग्नाला ५० वर्षे झाली. दोघांना मूलबाळ नव्हते. त्या समारंभात एक व्हायोलिन वाजवले गेले. त्यावर जेम्स ड्यूअर आणि १८५४ हे साल कोरलेले होते. तळ्यात पडून आजारी झालेल्या मुलाने वयाच्या बाराव्या वर्षी ते तयार केले होते. २७ मार्च १९२३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या राहत्या जागेतच, वयाच्या ८० व्या वर्षी ड्यूअर यांचे निधन झाले. प्रयोगशाळेची कामे त्यांनी अखेरपर्यंत चालवली होती.

निरपेक्ष शून्य अजून कुणी गाठलेले नाही. उष्णताशास्त्राचा तिसरा नियम सांगतो की कितीही पायऱ्या उतरल्या तरी तो गाठता येणार नाही, फक्त त्याच्या जवळ जाता येईल. एका केल्विनचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या ३८ भागांपर्यंत जर्मनीतले शास्त्रज्ञ २०२१ मध्ये अणूंचा एक विरळ ढग थंड करून पोहोचले. ड्यूअर १३ केल्विनवर थांबले. त्यांच्यापुढे दुसरे गेले आणि त्यांच्याही पुढे आणखी कुणी जाईल. त्या साऱ्यांना थंडी सांभाळायला लागले आणि लागेल ते ड्यूअर यांचेच भांडे. कारखान्यातून निघालेला द्रवरूप ऑक्सिजन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो, तोही त्याच भांड्यातून.